अंगठ्याची किंमत : तीस टक्के

खाटकाच्या दुकानात फळीवर भाव लिहिलेले असतात. मुंडी एवढ्याला, पाय एवढ्याला, कलेजी एवढ्याला. तशीच एक फळी या देशाच्या कायद्यात टांगलेली आहे. ती बोकडाची नाही. कामगाराची आहे.

१९२३ साली इंग्रज सरकारने कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला. त्या कायद्याच्या शेपटाला एक यादी जोडलेली आहे. मधूनमधून आकडे बदलले, नावं बदलली, फळी मात्र उतरली नाही. वाचा, दोस्तांनो, मोठ्यानं वाचा. खांद्यातून हात गेला : ९० टक्के. पंजा गेला : ६० टक्के. एका हाताची चार बोटं : ५० टक्के. एक डोळा गेला, दुसरा शाबूत : ४० टक्के. अंगठा : ३० टक्के. अंगठ्याशेजारचं बोट : १४. मधलं बोट : १२. करंगळी : ७.

हे टक्के कशाचे? कायदा सांगतो, माणसाची कमावण्याची ताकद तेवढी गेली. म्हणजे अंगठा तुटला तर कमाई तीस टक्क्यांनी घटली, बाकीची सत्तर टक्के शाबूत. कुणाची शाबूत? टेबलामागं बसून फायलीवर शेरा मारणाऱ्याची? त्याचा डावा अंगठा गेला तरी पगार एक तारखेला बँकेत पडतो, आणि रजा भरपगारी. त्याची तीस टक्केसुद्धा गेलेली नसते. आणि हमालाची?

मी गोदीत काम करतो. अंगठा म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकायची गरज नाही. हूक धरायचा तो अंगठ्यानं. दोराला पीळ द्यायचा तो अंगठ्यानं. स्लिंगची कडी अडकवायची, बार्जची शिडी चढायची, ओल्या गोणीचा कान पकडायचा, सगळं अंगठ्यावर. चार बोटं नुसती वाकतात. धरतो तो अंगठा. उजव्या हाताला अंगठा नाही असा गडी टोळीत उभा राहिला तर मुकादम त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. त्याची ताकद तीस टक्के गेली नाही. त्याचं काम गेलं. आणि आमच्यासारख्याच्या घरात काम जाणं म्हणजे चूल जाणं.

या देशात अंगठा मागण्याची रीत जुनी आहे. द्रोणाचार्यानं एकलव्याची मान मागितली नाही, हात मागितला नाही, अंगठा मागितला. तेवढा घेतला की बाकीचा माणूस जिवंत राहतो, पायाही पडतो, फक्त धनुष्य धरत नाही. त्या गुरूला चांगलं ठाऊक होतं की अंगठा म्हणजे शंभर टक्के. आमच्या कायद्याला मात्र अजून तो तीसच वाटतो.

पुढं आमच्या आज्या-पणज्यांचे अंगठे खोताच्या आणि सावकाराच्या कागदावर उठत राहिले. याच जिल्ह्यात, ज्याला तेव्हा कुलाबा म्हणत. पिकवणारा एक आणि धान्य नेणारा दुसरा. अलिबागजवळच्या चरीला शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन न कसण्याचा संप केला, तो याच लुटीविरुद्ध. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. ते चरीच्या लोकांच्या मागं उभे राहिले, तेव्हा तिथल्या कुळाची जात विचारत बसले नाहीत. हे लक्षात ठेवा. पुढं याचं काम पडणार आहे.

आता आम्हाला सही येते. मी मॅट्रिक झालो. पण अंगठा काही सुटला नाही. आता तो यंत्राला पाहिजे. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा. बँकेच्या माणसाच्या यंत्रावर अंगठा. ज्याचा अंगठा मालकाच्या कामावर गेला त्याला यंत्र सांगतं, जुळत नाही. दुसरं बोट लावा, मोबाईलवर नंबर येईल, बायकोला पाठवा, असे रस्ते सांगतात. पण प्रत्येक खिडकीवर त्याला ते थोटूक वर करून दाखवावं लागतं. मागं रांग असते. रांगेतली माणसं बघत असतात.

आता कासूचं बोलू.

पेण आणि नागोठणं यांच्या मधलं कासू. रूळ आहे, हायवे आहे, खारजमीन आहे. पेणपासून रोह्यापर्यंतच्या या पट्ट्यात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कारखाने आले, धक्के आले, हायवे रुंद होऊ लागला. जमिनी गेल्या. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना काहीतरी मिळालं. ज्यांच्या नव्हत्याच, आमचे बौद्धवाड्यातले, कातकरीवाडीतले, त्यांना काय मिळालं? ठेकेदार मिळाला. ठेकेदाराच्या हाताखाली ठेकेदार, त्याच्याखाली मुकादम, मुकादमाच्या खाली आम्ही. सकाळी फाट्यावर उभं राहायचं, टेम्पो आला की चढायचं. कुणाच्या नावावर काम करतो हे विचारायचं नाही. विचारलं की उद्या टेम्पो थांबत नाही.

आमच्या टोळीतला एक गडी इकडचाच. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर आज जी चार दिवसांची पाळी दया म्हणून मिळते तीही जाईल. धक्क्याचं नाव लिहीत नाही, ठेकेदाराचंही नाही. २०२२ साली, वय तीस असताना, स्लिंग आणि मालाच्या मध्ये त्याचा उजवा अंगठा गेला. मुळापासून. पहिली गोष्ट काय झाली? दवाखाना? नाही. पहिली गोष्ट ही झाली की त्याचा गेटपास काढून घेतला. ‘जमा कर, सायबानं सांगितलंय.’ रक्त गळत असताना पास जमा. दुसऱ्या दिवशी मुकादम घरी आला, पाच हजार रुपये पोत्यावर ठेवले आणि म्हणाला, ‘तुझं नाव मस्टरवर न्हाय रं. तू बदलीवर आला व्हतास. उगाच तक्रार करू नको, बरा झालास की बघू कायतरी हलकं काम.’

बरा झाला. हलकं काम काही निघालं नाही.

मग तीन खिडक्या सुरू झाल्या. पहिली खिडकी नुकसानभरपाईची. ठेकेदाराचा वकील म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. विमा कंपनीचा वकील म्हणाला, आमच्या पॉलिसीत याचं नाव नाही; आणि असलंच तर यादी बघा, अंगठा, तीस टक्के. गंमत बघा. एकाच कोर्टात एकाच दिवशी तो कामगार नव्हताही आणि तीस टक्के होताही. दावा फेटाळला. कारण काय, तर मालक-नोकर नातं शाबीत झालं नाही. दुसरी खिडकी अपंगत्वाच्या दाखल्याची. बोर्डानं तपासलं आणि लिहिलं ३६ टक्के. २०१६ च्या कायद्यानं सवलतीची रेघ ४० वर मारलेली. चार टक्के कमी पडले. हे चार टक्के तो आणणार कुठून? आणखी एक बोट हूकखाली घालायचं? तिसरी खिडकी संजय गांधी निराधार योजनेची. ही योजना १९८० साली निघाली तेव्हा मुख्यमंत्री अंतुले, म्हणजे याच जिल्ह्यातले. ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांना महिन्याला अडीच हजार करण्याचा निर्णय सरकारनं घेतला. पण दाखला नाही तर अर्ज नाही, आणि चाळीस नाही तर दाखला चालत नाही.

पहिल्या खिडकीवर तो पुरेसा कामगार नाही. दुसऱ्या खिडकीवर पुरेसा अपंग नाही. तिसऱ्या खिडकीवर पुरेसा निराधार नाही. तर मग हा आहे कोण? ठेकेदाराच्या लेखी मात्र तो पक्का आहे : कामाला नालायक.

आता कुणी म्हणेल, कायदाच असा आहे, करणार काय. खोटं! कायदा असा नाही. आम्हाला कायदा असा सांगितला जातो. इथंच खरी चोरी आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

कायद्यात पूर्ण अपंगत्वाची व्याख्या आहे. अपघाताच्या वेळी कामगार जी कामं करू शकत होता ती सगळी कामं ज्या इजेमुळं तो करू शकत नाही, ते पूर्ण अपंगत्व. शब्द बघा : अपघाताच्या वेळी तो करू शकत होता ती कामं. म्हणजे मोजायचं मांस नाही, मोजायचं काम.

ही माझी मॅट्रिक अक्कल नाही. १९७५ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला : प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबत. ओरिसातला एक सुतार. मालक दोन सिनेमा थेटरांचा धनी. ६ जुलै १९६८ रोजी थेटरात नक्षीकाम करताना सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपरातून कापावा लागला. मालक म्हणाला, डावाच तर गेला, उजवा आहे की; हे अर्धवट अपंगत्व. कमिशनरनं लिहिलं होतं, एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. मालक हायकोर्टात गेला, हरला. सुप्रीम कोर्टात गेला, तिथं चार न्यायाधीशांपुढं हरला. यादीत त्या हाताची किंमत शंभर टक्के नव्हती, तरी सुतार म्हणून तो शंभर टक्के गेला, हे कोर्टानं मानलं. आणखी एक गोष्ट ठरली. भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, कोर्टानं हिशेब केल्याच्या दिवसापासून नाही.

२०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेच आणखी उलगडून सांगितलं. डॉक्टर सांगतो तो टक्का अवयवाचा असतो, कमाईचा नसतो. आधी बघा हा माणूस काय काम करत होता, आता काय करू शकतो, काय नाही, मग ठरवा किती गेलं. हात गेलेला कारकून आणि हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर एका मापानं मोजता येत नाहीत.

मग आमच्या गड्याचा हिशेब मांडू. अपघात २०२२ चा, म्हणून जुना कायदा लागू. मजुरी कितीही असो, ३ जानेवारी २०२० पासून सरकारनं हिशेबाला धरायची मर्यादा पंधरा हजार ठरवलेली. त्याचे साठ टक्के, नऊ हजार. वय तीस, त्याचा गुणक २०७.९८. गुणाकार करा : १८,७१,८२० रुपये. हे पूर्ण अपंगत्वाचे. यादीप्रमाणं तीस टक्के धरले तर ५,६१,५४६. मधला फरक १३,१०,२७४ रुपये. अंगठा तोच, हात तोच, माणूस तोच. फक्त प्रश्न बदलला. ‘किती कापलं?’ विचारलं तर साडेपाच लाख. ‘काय काम गेलं?’ विचारलं तर पावणेएकोणीस लाख. आणि ‘मस्टरवर नाव कुठाय?’ विचारलं तर शून्य, वर मुकादमाचे पाच हजार.

प्रत्येक अंगठ्याला शंभर टक्के मिळतील असं मी लिहीत नाही. कोर्ट पुरावा बघेल, वय बघेल, दुसरं काम येतं का ते बघेल. बघू दे. पण ते बघायलाच लावायचं नाही, यादीवर बोट ठेवून पाच मिनिटांत फाईल बंद करायची, हा कुठला न्याय? मालकाचा वकील तीस म्हणतो, आपला वकील चाळीस म्हणतो, आणि भाजीच्या बाजारासारखं पस्तीसवर तुटतं. सुताराचा निकाल कुणी उघडतच नाही.

आता वरच्या कोर्टाचं. आमच्यातले शिकलेले लोक फार भाबडे. म्हणतात, खाली अन्याय झाला तर हायकोर्ट आहे ना. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत कलम ३२ ला घटनेचा आत्मा आणि काळीज म्हटलं, ते याच कोर्टात दाद मागण्याच्या हक्काला. मला तो हक्क प्राणापेक्षा प्यारा आहे. पण हक्काचा दरवाजा किती रुंद आहे तेही बघितलं पाहिजे. नुकसानभरपाईच्या कायद्यात हायकोर्टात अपील करता येतं ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. तो कामावर होता की नव्हता, अंगठा कुठं तुटला, हे प्रश्न खालच्या कोर्टानं ठरवले की सहसा ठरले. वरचं कोर्ट साक्षी पुन्हा घेत नाही. ते कागद बघतं. पुराव्याकडं डोळेझाक करून निकाल दिला असेल तर तो कायद्याचाच प्रश्न होतो, हे खरं. पण डोळेझाक झाली हे दाखवायला आधी डोळ्यापुढं पुरावा ठेवलेला पाहिजे!

आणि पुरावा कुणाकडं असतो? मस्टर ठेकेदाराकडं. पास त्याच्याकडं जमा. पगार रोख, पाकिटात. दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं असतं ‘घरी पडून इजा’, कारण दवाखान्यात घेऊन जाणारा मुकादमच असतो आणि तोच सांगतो. साक्षीदार टोळीतलेच, त्यांना उद्या त्याच टेम्पोत बसायचं असतं. म्हणून सांगतो, आमचे दावे हायकोर्टात हरत नाहीत. ते फाट्यावर टेम्पोत चढताना हरतात, जेव्हा आमचं नाव कुठंच लिहिलं जात नाही.

नाव न लिहिणं ही या व्यवस्थेची सगळ्यात जुनी कला. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोट फुटली. बाबासाहेबांच्या वाढदिवसाला. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. शेकडो माणसं मेली. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीत दरवर्षी देशभर त्या दिवसापासून आठवडा पाळतात. पाळायलाच पाहिजे, ती माणसं मर्दासारखी मेली. पण त्याच गोदीत पाठीवर ओझं घेऊन जे मेले त्यांचा दिवस कुठल्या कॅलेंडरात आहे? दर १४ एप्रिलला आम्ही मिरवणूक काढतो, डीजे लावतो. गोदीतल्या मेलेल्यांसाठी दोन मिनिटं कुणी थांबत नाही.

बोलू द्या. कडू लागलं तरी बोलू द्या. या पट्ट्यात आमचे पुढारी कमी नाहीत. कमानीला, पुतळ्याला, वर्गणीला धावतात. ठेकेदाराच्या गाडीत पुढच्या सीटवर बसतात. अंगठा तुटलेल्याच्या घरी जाऊन ‘मिटवून टाक’ म्हणणारा माणूस नेहमी बाहेरचा असतो असं समजू नका. कधी कधी तो जय भीम म्हणून आत येतो. वीस हजारावर मिटवतो, त्यातले पाच स्वतःच्या खिशात. ध्यानात धरा : हक्क सोडला असा करार कायद्यानं रद्दबातल आहे. कामगारानं सही केली, अंगठा दिला, तरी भरपाईचा हक्क त्या कागदानं मरत नाही. पण हे त्या माणसाला सांगायला कोण जातो?

आणि सरकार काय करतं? सरकार नाव ठेवतं. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून सांगितलं, यांना विकलांग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. झालं. पाट्या बदलल्या, खात्याचं नाव बदललं. आम्हाला ही युक्ती ओळखीची आहे. गांधींनी आम्हाला हरिजन म्हटलं. देवाची माणसं! देवाचं लेबल लावलं की माणसाचा हिशेब द्यावा लागत नाही. पाण्याचा हक्क मागितला, हरिजन मिळालं. अंगठ्याची भरपाई मागितली, दिव्यांग मिळालं. कापलेल्या अंगठ्यात दिव्य काय आहे, हे मला कुणीतरी त्या थोटकाला हात लावून सांगावं. आम्ही दिव्य नाही. आमचा अवयव कुणाच्या तरी नफ्यासाठी गेला आहे, त्याची बाकी येणं आहे.

आता नवीन आलं आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९२३ चा कायदा तिच्यात गिळला गेला. यादी तिथंही आहे. फळी नव्या दुकानात नेऊन टांगली. बरोबरच्या दुसऱ्या संहितेत लिहिलं आहे की प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं. चांगलं आहे. कासूच्या फाट्यावर टेम्पोत चढणाऱ्या किती जणांच्या खिशात ते पत्र आहे, जाऊन विचारा. कायद्यात अक्षर पडलं म्हणजे खिशात कागद पडला असं होत नाही.

आणि वेळ? सुताराचा हात १९६८ ला गेला, शेवटचा निकाल १९७५ ला. सात वर्षं. याच जिल्ह्यात महाडला चवदार तळ्याचं पाणी आम्ही २० मार्च १९२७ ला प्यालो. सवर्ण कोर्टात गेले, म्हणाले तळं खाजगी. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं. निकाल आमच्या बाजूनं लागला. पण विचार करा, बाबासाहेब निकालाची वाट बघत बसून पाणी प्यायले होते काय? आधी तळ्यावर गेले. मग कोर्टातही दहा वर्षं चिकाटीनं लढले. एकेक कागद, एकेक साक्ष. ओंजळही त्यांचीच आणि वकिलीही त्यांचीच. आम्ही ओंजळीचा फोटो घरात लावला आणि वकिली विसरलो.

मालकाला हे सगळं ठाऊक आहे. उशीर त्याला स्वस्त पडतो. कायद्यात बारा टक्के व्याज आहे, विनाकारण थकवलं तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड आहे. पण व्याज आणि दंड मागितला तर लागतो. आम्ही मूळच मागताना हात जोडतो, व्याज कुठून मागणार?

म्हणून छावणीतल्या पोरांनो, माझं म्हणणं सरळ आहे. कविता लिहा, मीही लिहितो. पण त्याच वहीच्या मागच्या पानावर दुसरं लिहायला लागा.

रोजची तारीख, धक्क्याचं किंवा कारखान्याचं गेट, ठेकेदाराचं नाव, टेम्पोचा नंबर, किती तास, किती पैसे. रोज. आपलं मस्टर आपण ठेवायचं. पास मिळाला त्याच दिवशी त्याचा फोटो काढून बहिणीच्या, बायकोच्या मोबाईलवर ठेवायचा. अपघात झाला तर दवाखान्यात मुकादमाबरोबर आपला एक माणूस जायलाच पाहिजे, आणि कागदावर कामावर इजा असं लिहून घेतल्याशिवाय त्यानं हलायचं नाही. ठेकेदाराला लेखी नोटीस आणि मूळ मालकालाही, कारण ठेकेदाराच्या कामगाराची जबाबदारी कायदा मूळ मालकावरही टाकतो. ‘आमचा माणूस नाही’ या वाक्याला हे उत्तर आहे. दाव्याची मुदत दोन वर्षं. दोन वर्षं ‘हलकं काम बघू’ यात जातात, ते मुद्दाम घालवलेले असतात.

डॉक्टरला विचारायचं ते किती टक्के एवढंच नाही. विचारायचं : हा माणूस हूक धरू शकतो का? शिडी चढू शकतो का? पन्नास किलो उचलू शकतो का? हे लिहून द्या. दाखल्याचा टक्का चुकीचा वाटला तर २०१६ च्याच कायद्यात त्यावर अपील आहे. ३६ हा देवाचा आकडा नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणता? १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जातीच्या माणसाला सरकारी खर्चानं वकील आहे. अपंगाला आहे. कारखान्याच्या कामगारालाही आहे. आमचा गडी तिन्ही बाजूंनी बसतो आणि अजून एका बाजूनंही त्याला वकील मिळाला नव्हता, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता अर्ज केला आहे. अपील दाखल होतंय. दावा फेटाळणाऱ्या निकालात टोळीतल्या दोघांच्या साक्षीचा एका ओळीनंही विचार केलेला नाही, त्यावरच बोट ठेवायचं आहे. ते दोघं साक्ष देऊन टेम्पोतून उतरवले गेले. त्यातला एक आगरी आहे, एक कातकरी. आमच्या मिरवणुकीत ते कधी नव्हते. आमच्या साक्षीत होते. चरीच्या वेळी बाबासाहेबांनी कुळाची जात विचारली नव्हती, ते काम इथं पडतं.

आणि मागणी? दया नको. अडीच हजारांवर बोळवण नको. दिव्य नाव नको. मागणी एवढीच की पेण-रोह्याच्या कुठल्याही कामगाराचा दावा आला की कोर्टानं आधी विचारावं, हा काय काम करत होता आणि आता ते करू शकतो का. मस्टर दाखवण्याचा बोजा ज्याच्या कपाटात मस्टर आहे त्याच्यावर टाकावा. दाखल्याच्या बोर्डानं हाडं मोजताना हाताचा धंदा लिहावा. यादीतला आकडा ही सुरुवात धरावी, शेवट नव्हे. १९७५ ला एका सुताराला जे मिळालं ते आज एका हमालाला मिळालं पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

पुढच्या अंकापर्यंत प्रत्येक वाडीतून एक वही आली पाहिजे. कासूची आमची वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर अकरा नावं आहेत, तारखेसकट, टेम्पोच्या नंबरासकट.

जय भीम.